पिलाआधी आई पाहावी

कुत्रा हा प्राणी आपल्या घरांना नवा नाही. श्रीदत्तात्रेयांच्या तसबिरीत चार श्वान त्यांच्या पायांशी असतात, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो, आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर भाऊ व पत्नी एकेक करून गळून पडल्यावर धर्मराजाच्या सोबतीला उरले ते एक कुत्रेच. आपल्या किनारपट्टीवरच्या कौलारू घरांतही पडवीत अंग मुडपून पडलेले कुत्रे हा घराचाच एक भाग असे. मात्र ते कुत्रे कोणी विकत आणलेले नसे. शेजारच्या वाड्यावर कुत्री व्याली, पिले डोळे उघडून हिंडूफिरू लागली, की त्यांतले एखादे उचलून आणले जाई. त्याची आई साऱ्या वाड्याच्या ओळखीची असे. ती चावरी की गरीब, राखणीला कशी, पोरांच्या अंगावर जाते की काय, हे लहानथोर सर्वांना ठाऊक असे. कुत्र्याची निवड म्हणून काही वेगळी गोष्ट असते, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नसते, कारण ती निवड वाड्याच्या सामुदायिक माहितीने आधीच करून ठेवलेली असे.

आज ही परिस्थिती पालटली आहे. वाडे गेले, त्यांच्या जागी इमारती आल्या, आणि कुत्रे ही बाजारात मिळणारी वस्तू झाली. ज्या वस्तूचा बाजार भरतो तीत खोटेपणाही शिरतो. या खोटेपणाची झळ आमच्या परिचयाच्या एका गोमंतकीय कुटुंबाला ज्या तऱ्हेने लागली, ती हकीकत वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण ती घडली हैदराबादेत असली, तरी उद्या ती पणजी, म्हापसा किंवा मडगावातही घडू शकेल.

हे कुटुंब नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे हैदराबादच्या दिलसुखनगर भागात राहते. हे नाव आपल्याकडच्या पुष्कळांना २१ फेब्रुवारी २०१३ च्या बॉम्बस्फोटांमुळे माहीत झाले. परंतु एरवी ही विजयवाड्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरची अतिशय गजबजलेली, मध्यमवर्गीय वस्ती आहे. साईबाबांचे प्रसिद्ध मंदिर, शिकवणीवर्गांच्या पाट्या, त्या वर्गांसाठी गावोगावहून आलेली मुले, कापडाची आणि सोन्याची दुकाने, आणि २०१८ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो, असा हा परिसर. तेथे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात पती, पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि पंच्याहत्तरीकडे झुकलेली आजी अशी चार माणसे. पतिपत्नी दोघेही सकाळी बाहेर पडतात, ती दिवेलागणीला परततात. मुलीने कुत्र्याचा हट्ट धरला आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो पुरवायचा ठरला. सारी चूक या 'आदल्या दिवशी' या शब्दांतच आहे, हे आम्ही पुढे दाखवू.

कोणीतरी एका दलालाचा दूरध्वनी क्रमांक दिला. दलाल मेट्रोच्या स्थानकाखाली वेताची टोपली घेऊन आला. टोपलीत लॅब्रॅडोर जातीची म्हणून सांगितलेली तीन पिले होती. पिले दोन महिन्यांची आहेत, लस टोचली आहे, आई उत्तम वंशाची आहे, असे त्याने सांगितले. आई कोठे आहे, असे विचारता ती शहराबाहेरच्या फार्मवर आहे, तेथे परक्यांना नेत नाहीत, असे उत्तर मिळाले. मुलीने एक पिलू छातीशी धरले आणि व्यवहार संपला. दहा मिनिटेही लागली नाहीत. चौथ्या दिवशी पिलाने दूध टाकले, पाचव्या दिवशी रक्ताची हगवण सुरू झाली, आणि आठव्या दिवशी पशुवैद्यांच्या टेबलावर त्याने प्राण सोडला. पशुवैद्यांनी सांगितले की पिलू फार तर पाच आठवड्यांचे असावे, त्याला पार्व्हो झाला होता, आणि लसीच्या पुस्तिकेत चिठ्ठी चिकटवलेली असली तरी तिच्यावर कोणाही डॉक्टरची सही वा शिक्का नाही. दलालाचा दूरध्वनी त्यानंतर लागला नाही. मुलगी तीन दिवस जेवली नाही.

हा दैवाचा घाला नव्हता, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. पार्व्हो हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि तेव्हापासून कोवळ्या पिलांचा तो काळ ठरला आहे. त्याचा संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसावयास साधारणतः तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे कोंदट जागेत, निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या पिलांच्या गर्दीत ज्याला हा रोग जडला, ते पिलू विक्रीच्या दिवशी टवटवीत दिसते आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आजारी पडते. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती हळूहळू ओसरत असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस आणि नंतर सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या लसी, असा क्रम पशुवैद्य पाळतात. पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेल्या, बाजारभर हिंडवलेल्या पिलाला ना आईचे पुरेसे बळ, ना लसीचे. ते जगले तर नशीब म्हणावयाचे.

आणि जगले, तरी हानी टळत नाही. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिलांवर वर्षानुवर्षे प्रयोग करून १९६५ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या स्वभावाच्या घडणीचा असतो, हे त्यांतले महत्त्वाचे सूत्र आहे. भावंडांशी झोंबाझोंबी करताना दात किती जोराने लावावा याची समज पिलाला येते. जास्त चावले की भावंड केकाटते आणि खेळ थांबतो, आई गुरगुरते आणि दूर होते. हे शिक्षण पुरे होण्याआधीच पिलू टोपलीत घातले, तर पुढे ते घरच्या मुलाच्या हाताला दात कसा लावेल याची शाश्वती कोण देणार? मोठेपणी चावरा ठरलेला कुत्रा पुष्कळ वेळा लहानपणी बिघडवलेला असतो.

या व्यवहाराची दुसरी बाजू याहून दुःखद आहे, आणि ती गिऱ्हाइकाला कधी दाखवली जात नाही. ती म्हणजे त्या न दाखवलेल्या आईची. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते आणि त्रेसष्ट दिवसांच्या आसपास विते. धंद्याच्या हिशेबाने प्रत्येक माज म्हणजे एक वेत आणि प्रत्येक वेत म्हणजे पैसा. मग ती कुत्री पिंजऱ्यात वर्षाकाठी दोनदा वितच राहते. अंगातले चुन्याचे सत्त्व संपते, सडे लोंबतात, आणि वेत लहान होऊ लागले की तिला एखाद्या दूरच्या रस्त्यावर सोडून देण्यात येते. परक्यांना फार्मवर नेत नाहीत याचे कारण पुष्कळदा हेच असते. गाभण गाईला तांदळाची पेज चारणाऱ्या आपल्या लोकांना हे चित्र दाखवले, तर त्यांतला एकही माणूस त्या टोपलीतले पिलू घेणार नाही. पण दाखवतो कोण?

या बाबतीत देशात कायदा नाही असे नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा आहे. त्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीचे स्वतंत्र नियम केंद्राने काढले. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकता येत नाही. पिलाला लस टोचलेली आणि मायक्रोचिप बसवलेली असली पाहिजे. दीड वर्षाखालील वा आठ वर्षांवरील कुत्रीपासून पैदास करता येत नाही. वर्षात एकाहून अधिक आणि उभ्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेता येत नाहीत. विक्रीसाठी पिले सार्वजनिक जागी मांडण्यास मनाई आहे. स्थानकाखालची ती टोपली यांतल्या किती कलमांचा भंग करीत होती, हे वाचकांनीच मोजावे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही २०१८ मध्ये असेच नियम झाले आहेत.

नियम चांगले आहेत, यात शंका नाही. परंतु मूळ अधिनियमातील क्रूरतेच्या पहिल्या अपराधाचा दंड दहा ते पन्नास रुपये असा आहे. १९६० साली पन्नास रुपयांना काही किंमत होती. आज एका पिलाच्या गळ्यातला पट्टाही त्यात येत नाही. पशुकल्याण मंडळांकडे माणसे थोडी, पैदाशीच्या जागा शहराबाहेर, आणि व्यवहार सारा दूरध्वनीवर. अशा स्थितीत सरकार येऊन आपले रक्षण करील या भरवशावर गिऱ्हाइकाने राहणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. दंड वाढला पाहिजे, तपासणी झाली पाहिजे, हे आम्ही आग्रहाने म्हणतो. पण त्या नियमांचा एक उपयोग आजच, कोणाच्याही परवानगीवाचून करता येतो: त्यांतले प्रत्येक कलम हा गिऱ्हाइकाने विचारावयाचा एक प्रश्न आहे.

दिलसुखनगरच्या या कुटुंबाने दुसऱ्या वेळी नेमके हेच केले. त्यांनी दलाल सोडला आणि पशुवैद्यांनाच विचारले की, आपल्याकडे नियमाने लशीला येणारी, निरोगी आणि शांत कुत्री कोणाची आहेत? पशुवैद्यांनी एका गृहस्थांचे नाव दिले. त्यांच्याकडे पिले त्या वेळी नव्हतीच. दोन कुत्र्या होत्या, त्याही घरात वावरणाऱ्या, पाहुण्यांच्या पायांशी येऊन बसणाऱ्या. गृहस्थांनी नोंदणीचा दाखला न मागता दाखवला, कुत्र्यांच्या कमरेच्या सांध्यांची क्षकिरण चित्रे दाखवली आणि मग स्वतःच प्रश्न विचारण्यास आरंभ केला. घरी दिवसा कोण असते? आजींना गुडघ्यांचा त्रास आहे का? इमारतीला उद्वाहन आहे का? सकाळी फिरवून आणण्याचे काम कोणाकडे? सुट्टीत गोव्याला जाता तेव्हा कुत्रे कोठे ठेवणार? सर्व ऐकून त्यांनी सांगितले की, लॅब्रॅडोरचे पिलू तुम्हांला द्यावयाची माझी इच्छा नाही. वर्षभरात ते तीस किलोंचे होईल, दिवसभर एकटे राहून घर कुरतडील, आणि प्रेमाने उडी मारून आजींना पाडील.

पतिपत्नींना प्रथम राग आला, हे त्यांनी आमच्याशी बोलताना प्रांजळपणे कबूल केले. पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला कोणी नाही म्हणते काय? पण विचारी पैदासकाराची खरी ओळख हीच आहे, असे आमचे मत आहे. जो तुम्हांला एकही प्रश्न विचारीत नाही त्याला पिलाचे पुढे काय होणार याची पर्वा नाही, आणि ज्याला पिलाची पर्वा नाही त्याला तुमची कशी असणार? आपल्याकडे मुलीचे स्थळ ठरवताना दोन्हीकडची माणसे घर पाहून येतात, आईवडील कसे आहेत हे चार ठिकाणी विचारतात. खाण तशी माती, हे आपल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे. दहा-बारा वर्षे ज्या जिवाशी संसार करावयाचा, त्याची खाण पाहावयास आपल्याला एक रविवार सवड होऊ नये, हे नवल आहे.

येथे वंशावळीच्या कागदांविषयी एक खुलासा करणे अवश्य आहे. चेन्नईस मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीपत्राचा विक्रेते मोठा गवगवा करतात. ते पत्र खरे असेल तर पिलाचे आईबाप व आजेपणजे कोण, एवढे त्यावरून कळते. त्या आईबापांचे सांधे, डोळे व स्वभाव कसे आहेत, हे त्यात लिहिलेले नसते. जन्मपत्रिका म्हणजे प्रकृतीचा दाखला नव्हे, हे आपल्या लोकांना निराळे समजावून सांगणे न लगे. कागद पाहावाच. पण कागद पाहून झाल्यावर आईकडे वळावे. ती अनोळखी माणसाला पाहून कोपऱ्यात थरथरते की शेपूट हलवीत येते, यावरून पुष्कळ कळते.

मग कोणते कुत्रे निवडावे? या प्रश्नाचे उत्तर जातीच्या नावात नाही, ते घराच्या दिनक्रमात आहे. चित्रपट आणि जाहिराती पाहून जात ठरविण्याची हौस आपल्याकडे फार आहे. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग दिसला आणि देशभर पगांची मागणी उसळली. चपट्या नाकाच्या त्या गरीब प्राण्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणेही जड जाते, हे कोणी सांगितले नाही. सायबेरियाच्या बर्फावर गाडी ओढण्यासाठी घडलेली हस्की ही जात, जेथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो त्या हैदराबादेत दिवसभर यंत्राच्या थंड हवेत कोंडून ठेवणे, याला प्रेम म्हणावे की हौस? आपल्या दख्खनच्याच मातीतले मुधोळचे कुत्रे घ्या. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने नावारूपास आणलेल्या या जातीवर २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुवैद्यक विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र तिची नोंदी ठेवून पैदास करते. तिच्याविषयी आम्हांला अभिमानच वाटतो. पण सशामागे माळरान तुडविणारा हा शिकारी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सुखी होणार नाही. चांगली जात आणि आपल्याला योग्य जात या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आणि ज्याला जातीचा आग्रह नाही, त्याने गावठी पिलाकडे अवश्य पाहावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या अंबरपेठेत भटक्या कुत्र्यांच्या टोळीने चार वर्षांच्या बालकाचा बळी घेतला. त्यानंतर त्या शहरातील आईबापांच्या मनात बसलेली भीती आम्ही समजू शकतो. परंतु टोळीत वाढलेले कुत्रे आणि योग्य वयात घरी आणून, लसी देऊन, माणसांत वाढवलेले गावठी पिलू यांत अंतर आहे. आपल्या हवेला ते जन्मतःच सरावलेले असते. पडवीतले ते जुने कुत्रे याच कुळातले होते.

आता आपल्या घरातला प्रश्न. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुणे येथे पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा दगावला आणि सारा गोवा हळहळला. त्यानंतर राज्य सरकारने पिटबुल व रॉटवायलर या जातींची आयात, पैदास व विक्री यांवर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्राने तेवीस जातींविरुद्ध काढलेले परिपत्रक कर्नाटक व दिल्लीच्या उच्च न्यायालयांत टिकले नव्हते. बंदीच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. आमचे म्हणणे इतकेच की, जातींची यादी केल्याने प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. कुत्रे कोणी पैदा केले, आईपासून केव्हा तोडले, कोणाला विकले आणि विकताना काय विचारले, हे जोपर्यंत कोणी पाहत नाही, तोपर्यंत यादीतले एक नाव गेले तरी दुसरे येईल. २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित होण्याचा मान गोव्याने देशात प्रथम मिळवला, तो वर्षानुवर्षे वाड्यावाड्यांवर जाऊन कुत्र्यांना लस टोचल्यामुळे. त्याच चिकाटीने प्रत्येक पैदासकाराची नोंद आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढे काम पेडण्यापासून काणकोणपर्यंत करणे अशक्य नाही. सरकारने ते हाती घ्यावे.

परंतु सरकार काहीही करो, बाजार शेवटी गिऱ्हाइकाच्या घाईवर चालतो. ज्याला पिलू उद्याच हवे असते त्याच्यासाठीच स्थानकाखाली टोपली येते. विचारी पैदासकाराकडे पिले नेहमी तयार नसतात, कारण त्याच्या कुत्र्यांना विश्रांती मिळत असते. म्हणून वाट पाहण्याची तयारी ही कुत्रे निवडण्याची पहिली पायरी होय. आई दाखवत नसतील तर मागे फिरावे. पिलू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय घेऊ नये. लसीच्या पुस्तिकेवर पशुवैद्याची सही पाहावी. घेतल्यावर दोन दिवसांत आपल्या पशुवैद्याकडून तपासून घ्यावे आणि दोष निघाल्यास परत घेण्याचे वचन लेखी मागावे. जो हे सारे हसतमुखाने मान्य करतो, त्याच्या दारी पुन्हा जावे.

दिलसुखनगरचे ते कुटुंब चार महिने थांबले. त्या गृहस्थांनी अखेर स्वतःच दूरध्वनी केला. दोन वेते झालेली आपली चार वर्षांची कुत्री आता पैदाशीतून मोकळी केली आहे, ती शांत आहे, जिना सावकाश चढते, आणि दुपारी कोणाच्या तरी पायांशी झोपणे एवढीच तिची अपेक्षा आहे, असे त्यांनी सांगितले. मुलीला पिलू हवे होते. ती थोडी हिरमुसली. आता दुपारी आजी पोथी वाचत बसतात आणि ती कुत्री त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेली असते. संध्याकाळी शाळेतून मुलगी येण्याची वेळ झाली, की ती उठून दाराशी जाऊन उभी राहते.